हत्तीवाटेची कॉफी

गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर मी बरेच महिने म्हैसूरला मुलीकडे होते. पावसाळा सरल्यावर कूर्गात, विराजपेटेला परत आले, तर जो भेटेल तो एकच विचारी, "पूवक्का, भाच्याची कॉफी प्यायलीस की नाही?"

भाचा म्हणजे मंदण्णा. माझ्या धाकट्या भावाचा, उत्तय्याचा, एकुलता एक मुलगा. उत्तय्याला आम्ही सगळे उत्तू म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी तोडणीच्या दिवसांत उत्तूला त्याच्याच कॉफीच्या मळ्यात हत्तीनं मारलं. भावजय त्याच्या आधीच गेलेली. मंदण्णा बंगळूरची नोकरी सोडून आला, मळा बघू लागला, आणि मी म्हैसूरला असताना त्यानं खळ्याशेजारच्या जुन्या गोदामात कॉफी भाजायचं यंत्र बसवलं. पुढच्या बाजूला लांबच लांब लाकडी टेबल टाकलं आणि कॉफी चाखायचा बार सुरू केला. नाव ठेवलं 'आनेदारी', म्हणजे हत्तीची वाट. नाव मला आवडलं नाही. पण म्हटलं, पोराला बापाची आठवण ठेवायची असेल. आपण कोण बोलणार?

एका शनिवारी गाडी करून गेले. मंदण्णा धावत बाहेर आला, वाकून पाया पडला. आत्याला आमच्यात मावी म्हणतात.

"मावी, किती वाट बघायला लावलीस! गुडघा कसा आहे?"

"गुडघा नवा आहे. बाकीची मी जुनीच आहे."

हसला. हसताना थेट उत्तूसारखा दिसतो. मला हाताला धरून आत नेलं आणि टेबलाच्या टोकाशी खुर्ची दिली.

आत बंगळूरहून आलेली दहा-बारा माणसं होती. यंत्रातून नुकताच घाणा निघाला होता आणि भाजल्या बियांचा तो वास सगळीकडे भरून राहिला होता. खोटं कशाला बोलू, वास छान होता. मी त्या वासातच वाढले. यंत्रापाशी मंदण्णाचा भागीदार उभा होता, आकर्ष नावाचा. दाढीला तेल, कमरेला चामड्याचा एप्रन. त्यानं प्रत्येकापुढे पाच-पाच वाट्या मांडल्या, प्रत्येकीत भरड पूड टाकली, वरून गरम पाणी ओतलं. पूड वर येऊन तिची साय धरली. मग चमच्यानं ती साय मोडायची, नाक वाटीत खुपसायचं, चमचाभर कॉफी आवाज करत ओढायची, तोंडात खुळखुळवायची आणि शेजारच्या पितळी पिकदाणीत थुंकायची.

"जोरात ओढा," आकर्ष सांगत होता. "लाजू नका. आवाज झाला पाहिजे. हवा आत गेली तरच चव उघडते."

आणि ती शिकलीसवरलेली माणसं सुर्र सुर्र करत ओढू लागली. जेवताना आवाज केला तर आमची आई पळी फेकून मारायची. इथे तो आवाज काढायचे पैसे घेत होते. माझ्या समोर जाड मिशांचा एक गृहस्थ बसला होता. थुंकताना त्याच्या मिशीला तार लटकायची, ती तो जिभेनं आत घ्यायचा आणि पुन्हा तोच चमचा वाटीत बुडवायचा. शेजारची बाई त्याच वाटीतून घ्यायची. पिकदाण्या भरत आल्या की एक मुलगी येऊन त्या उचलून न्यायची आणि रिकाम्या आणून ठेवायची. खाली बघूनच येई, खाली बघूनच जाई. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी ओळखलं. चोमीची बिंदू.

चोमी आमच्या मळ्यावर मजुरांच्या चाळीत राहायची. यरवा आदिवासींपैकी. ज्या सकाळी उत्तू गेला त्याच सकाळी, त्याच हत्तीनं तिलाही मारलं होतं.

चार वाट्या झाल्या तेव्हा मंदण्णा उठला. खिडक्यांच्या झडपा लावून घेतल्या. भिंतीवर उत्तूचा मोठा फोटो होता, लग्नातला, पांढरा कुप्या, म्हणजे आमचा लांब अंगरखा, घातलेला, कमरेला कट्यार. त्यावर वरून एकच दिवा सोडला होता.

"हे माझे वडील," मंदण्णा म्हणाला. आवाज खाली आणला होता. "त्या दिवशी धुकं होतं. अप्पा तळ्याकडे निघाले. वळणावर समोर हत्ती. अप्पा पळाले नाहीत. त्यांनी हात जोडले. आमच्या भाषेत म्हणाले, ही वाट तुझी आहे, आम्ही मधे आलो, आम्हाला क्षमा कर. हत्ती कितीतरी वेळ उभा राहिला. मग त्यानं अप्पांना सोंडेनं हळूच आडवं केलं. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता."

एक बाई रडू लागली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मी चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. उत्तूला मीच धुतला होता. चेहरा कुठे आहे हे मला शोधावं लागलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे लोकांना तोंड बघायला द्यावं लागतं, म्हणून मी पांढऱ्या कापडाच्या घड्या घालून तिथे चेहऱ्यासारखं काहीतरी उभं केलं होतं. मंदण्णा तेव्हा दाराशी उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"आता पाचवी वाटी," आकर्ष म्हणाला. "ही त्याच तुकड्यातली कॉफी. त्या वळणावरची. आधी गोडी येईल. ती जाऊ द्या. मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी लोखंडासारखं लागेल. ते शोधा. घाई नको."

सगळ्यांनी ओढलं. मग तो मिशाळ माणूस डोळे मिटून म्हणाला, "लागलं."

"मलाही!" रडणारी बाई म्हणाली. "रक्तासारखं ना?"

"लागलं, लागलं," टेबलभर सुरू झालं. कुणी पुन्हा चमचा भरला. कुणाला लागलं नव्हतं, तो हिरमुसला होऊन परत परत ओढत होता.

माझ्याही तोंडात घोट होता. तो गिळवेना. पिकदाणीत थुंकायला वाकले, तर आत सगळ्यांची थुंकी, वर फेस, त्यात एक केस. दवाखान्यात मी पू उपसलाय, जखमेतले किडे चिमट्यानं वेचलेत, आणि हात धुऊन डबा खाल्लाय. कधी काही झालं नाही. पण तो 'लागलं' शब्द कानात गेला आणि मी खुर्ची सारून उठले. तोंडावर पदर दाबून मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि मोरीत ओकले.

डोक्यावर कुणीतरी थंड हात ठेवला. बिंदू होती.

"ओका अक्का, ओका. सगळं निघू द्या. मलाही पहिले दोन शनिवार असंच झालं."

तिनं पाणी ओतलं. मी चूळ भरली. आतून मंदण्णाचा आवाज येत होता, "आता आपण त्या जागेवर जाऊ. बूट घट्ट बांधा, जळवा आहेत." एक नवपरिणीत जोडपं विचारत होतं, तिथे फोटो काढला तर चालेल ना? "का नाही? कंदील लावलाय तिथे," आकर्ष म्हणाला.

"बिंदू," मी म्हटलं, "तू दर शनिवारी हे ऐकतेस?"

"रविवारी पण असतं, अक्का."

"आणि तुझ्या आईचं नाव एकदाही नाही."

ती पिकदाणी विसळत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर एक सांगू? मी होते तिथे. आईच्या मागे होते, बांधावर."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"धनी पंपाजवळ वाकले होते. रात्री हत्तीनं पाइप तोडला असेल का बघत होते. हत्ती त्यांच्या मागे झाडाआड. आईनं पाहिला. ओरडली, 'धनी, आने! पळा!' हत्ती तिच्याकडे वळला. धनी पळाले. आमच्या अंगावरून पळाले, अक्का. मला त्यांचा धक्का लागला. आई जाडी, तिला बांध चढता येईना. तिला आधी..." ती थांबली. "मग तो धन्यांच्या मागे गेला. त्यांचा पाय चरात गेला. बस."

"त्यानं हात नव्हते जोडले."

"हातात टॉर्च होता. तोंडात शिव्या होत्या."

मला हसू आलं आणि रडूही. तोंडात शिव्या, हे मात्र अगदी उत्तूच. मला त्याची लाज वाटली नाही. हत्ती मागे लागल्यावर मीही पळाले असते. कुणीही पळेल. पण चोमी ओरडली नसती तर ती आज चाळीत बसून पान लावत असती.

पाहुणे परत आले, गाड्या गेल्या. मी मंदण्णाला खळ्यावर गाठलं.

"हे काय चालवलंयस तू?"

"मावी, तुला बरं वाटत नाहीये, आत बस ना."

"मला उत्तम वाटतंय. तुझ्या बापाच्या नावानं लोक थुंकतायत आणि तू उभा राहून बघतोस?"

"ती चव घ्यायची पद्धत आहे गं. सगळ्या जगात तशीच घेतात."

"आणि रक्त? रक्ताची चव घ्यायची पण पद्धत आहे?"

तो जरा चिडून म्हणाला, "मिरी करपली, पाऊस वेळेवर पडत नाही, तोडायला माणूस मिळत नाही. शेजारच्यांनी मळा विकला, तिथे आता तंबू ठोकून लोक दारू पितात. मी तसं करू? चांगली कॉफी सगळेच पिकवतात, मावी. गोष्ट असली तरच लोक इथवर येतात."

"मग खरी सांग."

"खरी कोणती?"

मी सांगितली. चोमी ओरडली, तिच्या ओरडण्यानं हत्ती वळला, तुझा बाप पळाला, ती मेली. बिंदूनं पाहिलं. सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मधे एकदा त्यानं डोळे पुसले. शेवटी माझा हात धरून म्हणाला, "तुझं बरोबर आहे मावी. चोमीवर अन्याय झाला. मी दुरुस्त करतो."

मला वाटलं, रक्त शेवटी रक्त आहे. परतीच्या वाटेवर मी गाडीवाल्याला थांबवून देवळात नारळ फोडला. एवढी मी खुळी.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. "ये मावी, नक्की ये. हे तुझ्यामुळे झालंय."

गेले. गोदामाच्या दाराला आंब्याची पानं, आत गर्दी दुप्पट. टेबलावर नव्या पाकिटांची उतरंड रचली होती. तपकिरी कागद, त्यावर बाईचं चित्र: लांब मान, नाकात मोरणी, डोळे हरिणाचे, पाठीला टोपली. खाली नाव, 'चोमी'.

चोमी बुटकी होती. तोंडभर देवीचे व्रण, पुढचे दोन दात नव्हते. मुकादमाला अशा शिव्या घालायची की आम्ही माजघरात बसून ऐकायचो.

पाकिटाच्या मागे चवी लिहिल्या होत्या: गूळ, संत्र्याची साल, ओली माती, तंबाखू.

"तंबाखू कुठून आला?" मी आकर्षला विचारलं.

"बिंदूनं सांगितलं ना! मी विचारलं, आईला काय आवडायचं? फूल, फळ, काहीही. ती म्हणाली, तंबाखू. आणि मावी, खरं सांगतो, प्यायलो तर खरंच लागला! अंगावर काटा आला."

दाराशी बिंदू हातात ताट घेऊन उभी होती. तिला जाडंभरडं लुगडं खांद्यावर गाठ मारून नेसवलं होतं, जुन्या बायका नेसत तसं. चोमीनंही ते उभ्या जन्मात कधी नेसलं नव्हतं, ती नायलॉनच्या साडीत कामाला यायची. बिंदूच्या केसांत कॉफीची फुलं खोवली होती. या दिवसांत फुलं कुठली? कापडाची होती.

झडपा लागल्या. मंदण्णा उठला.

"चोमी ओरडली," तो म्हणाला, "आणि माझे वडील वाचले. ते रस्त्यापर्यंत पोचलेसुद्धा होते. पण त्यांनी मागे वळून पाहिलं. आणि ते परत आले. तिच्यासाठी. माणसं सांगतात, दोघं सापडली तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता. त्या क्षणी मालक नव्हता, मजूर नव्हती."

मी बिंदूकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती.

लोकांच्या नाकाचे आवाज यायला लागले. आकर्ष पुढे झाला. "चोमीची मुलगी आज आपल्यात आहे. बिंदू, आईबद्दल दोन शब्द सांगतेस?"

सगळ्यांनी माना वळवल्या. फोन वर झाले.

बिंदू म्हणाली, "आई कॉफी प्यायची नाही. चहा प्यायची."

लोक हसले. प्रेमानं हसले, तेच वाईट. "किती साधी माणसं," कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. आकर्षनं तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि वाट्या वाटायची खूण केली. मग सुरू झालं. वीस-पंचवीस तोंडं सुर्रसुर्र करत चोमीला ओढत होती, खुळखुळवत होती, पितळी भांड्यात थुंकत होती.

"तंबाखू," एक म्हणाला.

"हो, शेवटी शेवटी," दुसरी म्हणाली. "आणि माती."

आधीच्या वेळी निदान ओकारी तरी आली होती. या वेळी तेही होईना. खरी गोष्ट यांच्या हातात मीच नेऊन दिली होती. स्वच्छ पुसून, तबकात घालून. मी तोंड मिटून बसले असते तर चोमी निदान त्या थुंकीबाहेर राहिली असती.

बिंदूनं शेवटची वाटी ठेवली, ताट भिंतीला टेकवलं आणि बाहेर गेली. मी काठी घेऊन तिच्या मागे गेले. ती मोरीवर लुगडं सोडत होती, आत तिचा रोजचा कुर्ता होता. फुलं काढून कोनाड्यात ठेवली.

"ही परत द्यायचीत," ती म्हणाली. "यांची आहेत."

"बिंदू, तो माझा भाऊ तुझ्या आईसाठी परत आला नव्हता."

"मला माहीत आहे अक्का."

"मी हे आत जाऊन ओरडून सांगते."

"नको." ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होती. "सांगितलंत तर पुढच्या वेळी तेपण घालतील. तुम्हाला मधे बसवतील आणि रडवतील."

मी खाली बसले. खरंच होतं ते.

"मला दुसरं काम आहे का कुठे?" तिनं विचारलं. "काहीपण चालेल. घाण उपसायचं असलं तरी चालेल. फक्त कुणी ती तोंडात घेऊन चव सांगू नये."

विराजपेटेला माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आया हवी होती. त्याच गाडीतून मी तिला घेऊन गेले. मंदण्णाला सांगितलंही नाही. वाटेत तिनं गाडी थांबवायला लावली आणि परोटा घेतला. पोटभर खाल्ला, माझ्यापुढेही केला. मला वासच नको वाटत होता. "खा बाई तू," म्हटलं. आता ती तिथेच आहे. बेडपॅन धुते, बाळंतिणींची पोरं न्हाऊ घालते. परवा डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मुलीला भारी शिव्या येतात म्हणून.

'आनेदारी' जोरात आहे. बिंदूच्या जागी दुसरी मुलगी ठेवली आणि तेच लुगडं तिला नेसवलं, असं ऐकलं. मी परत गेले नाही. घरात कॉफी करते, पण डबा उघडताना श्वास धरून ठेवते. माझ्या अख्ख्या जन्माचा वास होता तो.

पुत्तरीला, नवा भात घरात आणायच्या सणाला, मंदण्णा आला. हातात उसाची मोळी, पाया पडला. सणाला दारात आलेल्या माणसाला आमच्यात उपाशी पाठवत नाहीत, आणि हा तर उत्तूचा मुलगा. मी केळी कुस्करून केलेलं गोड तंबुट्टू वाढलं, वर तूप सोडलं. तो मन लावून खात होता. मी त्याच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघत बसले.

"मावी, तू रागावलीस."

मी तुपाचं भांडं पुन्हा त्याच्यापुढे सारलं.

"अप्पांचं लहानपण मला काहीच माहीत नाही," तो म्हणाला. "ते कधी बोलायचेच नाहीत. तुलाच माहीत आहे सगळं. सांग ना काहीतरी."

उत्तू सात-आठ वर्षांचा असताना ओढ्यातले खेकडे धरून शाळेतल्या मास्तरांच्या छत्रीत सोडायचा. एकदा मास्तरांनी पावसात छत्री उघडली ती भर बाजारात. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी मंदण्णाकडे पाहिलं. तो हात थांबवून वाट बघत होता. त्याला खरंच बापाबद्दल ऐकायचं असेल. असेलही. पोरका आहे. पण त्याची मान जराशी कलली होती, डोळे बारीक झाले होते, पाचवी वाटी पुढे आल्यावर टेबलाभोवतीच्या त्या माणसांचे होत तसे.

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं.

"एकही गोष्ट नाही?"

"एकही नाही. वय झालं आता."

त्यानं ताटलीतलं तूप बोटानं निपटून खाल्लं, हात धुतले, पुन्हा पाया पडला आणि गेला.

त्याची ताटली मी लगेच घासली. पुसून मांडणीत ठेवली. जरा वेळानं काढली आणि परत घासली.